गाडी पाणी खातेय? हेड खोलण्याआधी पाणी कुठे जातं ते शोधा

वाई सोडली की पाचगणीच्या रस्त्याला पसरणी घाट लागतो. त्या घाटाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. एप्रिल-मेमध्ये बोनेट उघडं टाकून वाफ सोडत उभी असलेली गाडी दिसली नाही, असा रविवार जात नाही. त्यात जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर जास्त. सतरा माणसं, टपावर सामान, वर एसी जोडलेला, आणि इंजिन वीस-बावीस वर्षांचं. ड्रायव्हर येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मिस्त्री, हेड गॅस्केट उडाली."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते आणि खालचा ब्लॉक यांच्या मध्ये सील म्हणून जी पातळ पट्टी बसते, ती हेड गॅस्केट. उडालेली असते कधीकधी. पण माझ्याकडे असं सांगत आलेल्या बऱ्याच गाड्यांचं पाणी गॅस्केटमधून जातच नव्हतं. कॅप, होज, वॉटर पंप, कुजलेला वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकात बसवलेलं पत्र्याचं बूच), यांतलं काहीतरी निघतं. आणि ज्यांची गॅस्केट खरंच गेली होती, त्यांची ती कशामुळे गेली हे कुणी बघितलेलं नसतं. नवी गॅस्केट टाकतात आणि दोन महिन्यांनी परत तेच. हेड खोलणं म्हणजे मालकाचा आठवडाभराचा धंदा बुडणं. म्हणून पाणी नेमकं कोणत्या वाटेने जातं हे सिद्ध झाल्याशिवाय मी हेडच्या बोल्टला हात लावत नाही. ती वाट कशी शोधायची ते इथे लिहितोय. उदाहरण ट्रॅव्हलरचं आहे, पण ओम्नी असो की सुमो, तपासायची रीत बरीचशी तीच.

आधी इंजिनाबद्दल थोडं. ट्रॅव्हलर पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणली. २००५ पासून त्याच कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे. जुन्या गाड्यांमधलं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. चार सिलिंडर, २३९९ सीसी, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत पेटतं), कॉम्प्रेशन रेशो २१ ला १. ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचं. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. ओम्नीचं हेड ॲल्युमिनियमचं, ते जास्त तापलं की वाकतं. बिडाचं हेड वाकत कमी, तडकतं जास्त. तडा बहुतेक व्हॉल्व्ह सीट आणि प्री-चेंबर यांच्या मध्ये जातो. बाहेरून दिसणारी लक्षणं अगदी गॅस्केट गेल्यासारखीच. त्यामुळे ट्रॅव्हलरमध्ये "गॅस्केट की तडा" हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा ठेवावा लागतो.

आधी मोजा

पहिले दोन-तीन दिवस पाना उचलायचाच नाही. मार्कर घ्या. सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, सपाट जागेवर, पाण्याच्या टाकीवर पातळीची रेघ मारा. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. रोज त्याच वेळी, त्याच जागी बघा आणि मापाच्या बाटलीने किती पाणी घालावं लागलं ते मिलिलिटरमध्ये लिहा. "थोडं थोडं कमी होतं" या बोलण्याला माझ्याकडे किंमत नाही. शंभर किलोमीटरला २०० मिली आणि शंभर किलोमीटरला दोन लिटर हे दोन वेगळे आजार आहेत.

त्याच वहीत गाडी कुठे गेली तेही लिहा. गावातच फिरली, सातारा-पुणे हायवेला पळाली, की घाट चढली? सपाटीला काही होत नाही आणि घाटात टाकीतून पाणी बाहेर फेकतं, तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरत असण्याची शक्यता वाढते. उभी असताना रात्रीतून कमी होतं, तर बाहेरची गळती. चालली की कमी होतं पण खाली टिपूस दिसत नाही, तर एकतर आत जातंय, नाहीतर गरम भागावर पडून वाळतंय.

रात्री गाडीखाली जुनी पुठ्ठ्याची खोकी उलगडून टाका. सकाळी डाग कुठे पडला ते बघा, पण डागाच्या सरळ वरच गळती आहे असं धरू नका. पाणी चेसिसवरून, पाइपवरून दोन-दोन फूट धावत जातं आणि मग पडतं. डागाला बोट लावून वास घ्या. कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं रसायन, चिकट आणि गोडसर वासाचं असतं. चाखून बघायचं नाही, ते विष आहे. गॅरेजात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच धुऊन टाका, गोड म्हणून ती चाटतात.

कॅप

सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी. कॅपचं काम नुसतं झाकण्याचं नाही. ती पाण्यावर दाब धरून ठेवते. कॅपवर आकडा छापलेला असतो, ०.९ किंवा १.० बार असा काहीतरी. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण वर एक बार दाब असला तर १२० च्या आसपास. कॅपचं रबर कडक झालं की हा आधार जातो. त्यात महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे घाट चढून गाडी वर पोचते, इंजिन सगळ्यात तापलेलं असतं, आणि नेमकं तिथेच पाणी सगळ्यात लवकर उकळतं. कॅप गेलेली गाडी वाईत शहाण्यासारखी चालते आणि वेण्णा लेकपाशी फेस काढते. ड्रायव्हर म्हणतो हेड गॅस्केट.

कॅपला खाली मधोमध एक छोटा व्हॉल्व्हही असतो. गाडी थंड होताना तो हवा किंवा पाणी परत आत घेतो. तो चिकटला तर सकाळी होज पाइप आत चिमटलेले दिसतात. असे चिमटलेले होज दिसले की आधी कॅप बदला, मगच पुढचं बोला.

आणि गरम गाडीची कॅप उघडायची नाही. कितीही घाई असो, कुणीही सांगो. दाब सुटला की ११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या उजव्या हाताच्या कोपरापर्यंत त्याची खूण आहे, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. होज हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबायचं. मग फडकं टाकून पहिल्या आट्यावर थांबायचं, हिस्स आवाज संपला की पुढे.

बाहेरची गळती

थंड इंजिनावर प्रेशर पंप लावायचा. कॅपच्या जागी बसणारा, हाताने दाब भरायचा पंप मिळतो. तो नसेल तर जुन्या कॅपला ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून बसवतात, सायकल पंपाने हवा भरतात आणि मध्ये गेज जोडतात. मी बरीच वर्षं तेच वापरलं. फक्त गेज हवंच, आणि कॅपवरच्या आकड्यापेक्षा जास्त दाब भरायचा नाही. नाहीतर चांगला रेडिएटर आपणच फोडू.

दाब भरून पंधरा मिनिटं काटा बघत बसा. काटा उतरला आणि बाहेर पाणी दिसलं, तर मिळालं. शोधायच्या जागा: होजची टोकं, क्लिपा, रेडिएटरची जाळी आणि टाकीचा जोड, थर्मोस्टॅटचं झाकण. वॉटर पंपाच्या पोटाला, शाफ्टखाली, एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की पाणी त्यातून झिरपावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. काही जण त्या भोकात एम-सील भरतात. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंपाचा शाफ्ट फॅनसकट रेडिएटरमध्ये घुसतो. भोकातून पाणी आलं तर पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही.

वाळलेल्या गळतीची खूण पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खपली. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन हेड-ब्लॉकच्या जोडावर चौफेर फिरा. खपलीचा माग वर वर नेत जायचा. ती जिथे संपते, तिथे उगम.

इथे एका गाडीचं सांगायलाच हवं. भुईंजकडची, शाळेची मुलं नेणारी २००४ ची ट्रॅव्हलर. मालकांना सगळे आबाच म्हणतात. वर्षभरात दोनदा हेड खोलून झालं होतं, दोनदा नवी गॅस्केट, एकदा हेड घासून प्लेन, म्हणजे सपाट. तरी शंभर किलोमीटरला लिटरभर पाणी कमी. खाली टिपूस नाही, ऑइल स्वच्छ. आबा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आता तिसऱ्यांदा खोलायची ताकद न्हाई माझ्यात. विकायची का सांगा."

मी आधी वही लिहायला लावली. चार दिवसांत दिसलं की गाडी उभी असताना थेंबही कमी होत नाही, फक्त चालल्यावर होतो. थंड इंजिनावर पंप लावला, काटा हलला नाही. मग गाडी सुरूरपर्यंत फिरवून आणली, होज हाताने दाबला जाईपर्यंत थांबलो, इंजिन अजून गरम असतानाच जाड फडकं घेऊन सावकाश दाब सोडला, पंप जोडला आणि गाडीखाली झोपलो. एग्झॉस्टच्या बाजूला, मॅनिफोल्डखाली, ब्लॉकचा वेल्च प्लग. आतून गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. थंड असताना गंजाच्या पापुद्र्याने ते बंद व्हायचं, गरम होऊन दाब आला की उघडायचं. बारीक फवारा थेट सायलेन्सरच्या पाइपवर पडत होता आणि जागीच वाफ होऊन जात होता. पाइपवर रुपयाएवढी पांढरी खपली होती. हेड दोनदा उतरवताना ती कुणालाच दिसली नाही, कारण सगळे वरून बघत होते. वेल्च प्लगची किंमत एका मिसळपावाइतकी. मी त्या बाजूचे सगळेच प्लग बदलले, कारण एक गंजला म्हणजे बाकीचेही त्याच पाण्यात उभे होते.

तेव्हापासून मी प्रेशर टेस्ट दोनदा करतो, एकदा थंड आणि एकदा गरम.

आत जातंय का?

बाहेर काही सापडलं नाही आणि काटा तरी उतरतोय, तर पाणी आत जातंय. किंवा काटा उतरत नाही पण गाडी पाणी बाहेर फेकते, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. या दोन वेगळ्या दिशा आहेत, दोन्ही एकदम असतीलच असं नाही.

पहिली तपासणी फुकट आहे आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच. रात्रभर थंड झालेली गाडी. कॅप उघडून पातळी बघा, परत घट्ट लावा. वरचा मोठा होज एका हातात धरा आणि दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा. पहिल्या मिनिटभरात पाणी तापलेलंच नसतं, त्यामुळे दाब यायला काही कारण नाही. तरी होज हातात फुगून कडक झाला, तर तो दाब सिलिंडरमधून आलाय. याच्या उलटही बघता येतं. घाटातून आलेली गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी थंडगार असताना कॅप सैल करा. पाणी आकसलेलं असताना हिस्स करून दाब सुटला तर आत गॅस अडकून होता.

दुसरी, बुडबुडे. फॅन बेल्ट काढा म्हणजे वॉटर पंप थांबेल आणि पाणी शांत राहील. कॅप काढून पाणी काठोकाठ भरा, गाडी आयडलला चालू करा आणि टॉर्चने आत बघा. एक-दोन मिनिटंच. पंपाशिवाय यापेक्षा जास्त चालवायचं नाही. सुरुवातीला चारदोन बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा असू शकते. पण तालात, न थांबता, रेस दिली की वाढणारे बुडबुडे म्हणजे गॅस.

बुडबुडे सापडले की कोणत्या सिलिंडरचे तेही डिझेलमध्ये कळतं. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. त्या सिलिंडरला डिझेल मिळणं थांबतं. ज्याचा नट सैल केल्यावर बुडबुडे लक्षात येण्याइतके कमी होतात, तो आपला सिलिंडर. पूर्ण थांबणार नाहीत, कारण हवा दाबली जातच असते. नटवर फडकं धरा, चष्मा लावा आणि बोट कधीही फवाऱ्यासमोर आणू नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि अशी जखम दिसायला बारीक, पण थेट हॉस्पिटलात जायची असते.

निळ्या औषधाची टेस्टही आहे. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी लावून आतली हवा निळ्या द्रावणातून ओढतात, कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो. पेट्रोल गाडीला पिवळा होतो. डिझेलला बहुतेक हिरवटच होतो, कारण डिझेल इंजिन जास्तीच्या हवेवर चालतं आणि आयडलला त्याच्या धुरात हा गॅस फार कमी असतो. म्हणून आयडलला रंग बदलला नाही तर "गॅस्केट चांगली आहे" असं म्हणू नका. गाडी आधी घाटात लोड देऊन आणा आणि मग टेस्ट करा. नळीत कूलंट ओढलं गेलं तर द्रावण फुकट जातं, म्हणून पातळी थोडी खाली घ्या.

सिलिंडरमध्ये पाणी

इथे मला जरा थांबायचंय, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते.

सकाळी पहिला स्टार्टर मारला आणि इंजिन "ठक" करून जागीच अडकलं, तर दुसरा स्टार्टर मारू नका. बॅटरी कमजोर आहे असं समजून जंप-स्टार्ट करू नका, गाडी ढकलून गिअरमध्ये तर मुळीच टाकू नका. हिशोब करून बघा. २३९९ सीसीला चार सिलिंडर, म्हणजे एकाला सुमारे ६०० सीसी. रेशो २१ ला १, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३० सीसी. दोन मोठे चमचे. रात्रभरात तेवढं पाणी झिरपून त्या सिलिंडरमध्ये साचलं की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

मी शिकाऊ होतो तेव्हा हे माझ्या हातून झालं. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी होती, सगळे घाईत होते, मी दुसरी बॅटरी जोडून तीनदा सेल्फ मारला. गाडी चालूही झाली. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड वाकला होता आणि पुढच्या महिन्यात तो ब्लॉक फोडून बाहेर आला. त्या मालकाचं नुकसान मला आजही आठवतं.

बरोबर रीत अशी. चारही हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर आतून तापवणारे) काढा. भोकांसमोर तोंड नेऊ नका, मोकळा पुठ्ठा धरा. मग सेल्फ मारा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा आला, तो सिलिंडर. गळती इतकी बारीक असेल की रोज पाणी साचत नाही, तर संध्याकाळी पाण्यावर कॅपच्या आकड्याइतका दाब भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी हीच तपासणी करा. पुठ्ठ्यावर चार ओले ठसे येतील की एकच, ते बघा.

पांढऱ्या धुराने फसू नका. थंड इंजिन, थंड नोझल, गेलेला हीटर प्लग, डिझेल पंपाचं टायमिंग, या सगळ्यांमुळे न जळालेलं डिझेल पांढऱ्या धुरासारखं बाहेर येतं. त्याला उग्र वास असतो आणि डोळे चुरचुरतात. पाण्याची वाफ डोळ्यांना लागत नाही, थोड्या अंतरावर विरून जाते, आणि तिच्यात कूलंटचा गोडसर वास असतो. थंडीत पहिली दोन-तीन मिनिटं प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. इंजिन पूर्ण तापल्यावरही येत राहिली तर द्या.

ऑइल

ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला की लोक घाबरतात. आमच्या भागात पावसाळाभर हवा दमट असते आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. मग झाकणाखाली असा थर येतो. डीप स्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघा. तिच्यावरचं ऑइल काळं आणि पातळी जागेवर, तर घाबरू नका. डीप स्टिकवरच दुधाळ, चहाच्या रंगाचं ऑइल आणि पातळी वाढलेली, तर गाडी चालवायची नाही. अगदी गॅरेजपर्यंतही नाही, टो करून आणा. बेअरिंगं तासाभरात जातात.

शंका असेल तर दोन सोप्या गोष्टी. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ड्रेन नट अगदी हळू सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून पहिले थेंब पाण्याचे येतात. किंवा ऑइलचा एक थेंब गरम तव्यावर टाका. तडतडलं तर त्यात पाणी आहे. तवा गॅरेजचा ठेवा, घरचा आणू नका.

कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तो गेजने मोजतात. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला २२ ते २४ बार मिळतात, १५ च्या खाली गेलं की काम काढायलाच हवं. सिलिंडरांतला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. एकच सिलिंडर कमी असेल तर रिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट काहीही असू शकतं. पण शेजारशेजारचे दोन कमी आणि बाकीचे दोन ठीक, तर त्यांच्या मधली गॅस्केट जळाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पाणी अजिबात कमी होत नसेल, तरीही.

खात्री करायला कॉम्प्रेसरची हवा द्यायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणा, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड, पुढे कुणी उभं नको. हीटर प्लगच्या भोकातून पाच-सहा बार हवा सोडा आणि कान लावा. ऑइलच्या झाकणातून आवाज तर रिंग. सायलेन्सरमधून तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरमधून तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. एवढं झाल्यावर मी मालकाला सांगतो, आता हेड खोलू.

खोलल्यावर

जुनी गॅस्केट फेकू नका. स्वच्छ पुसून उजेडात धरा. सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या आगीच्या कड्यावर काळा जळालेला पट्टा कुठे आहे, पाण्याची भोकं कुठे कुरतडली आहेत, ते बघा. तपासणीत जो सिलिंडर सापडला होता, खूण त्याच जागी असायला हवी. तिथे गॅस्केट निष्कलंक दिसली तर आनंद मानू नका, तडा शोधा. जुनी पद्धत म्हणजे हेड स्वच्छ करून शंकेच्या जागी घासलेट लावायचं, पुसायचं, वर खडूची पूड टाकायची. तड्यात मुरलेलं घासलेट पुडीवर रेघ उमटवतं. पक्कं करायचं तर लेथवाल्याकडे प्रेशर टेस्टला द्या. भोकं बंद करून, आत हवा भरून, हेड गरम पाण्यात बुडवतात. थंड पाण्यात केलेली टेस्ट मी मानत नाही. कारण आबांची गाडी.

हेड प्लेन आहे का, ते सरळ पट्टी आणि ०.०५ मिलिमीटरच्या फीलरने (फट मोजायच्या पातळ पात्याने) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत बघा. ब्लॉकचा वरचा भागही तसाच बघा, तो बहुतेक जण विसरतात.

गॅस्केट गेली कशाने?

याचं उत्तर मिळाल्याशिवाय हेड परत बसवू नका. आमच्याकडे तीन कारणं वारंवार निघतात. पहिलं, बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या दगडातलं जड पाणी वर्षानुवर्षं टाकून आत किटलीला धरतो तसा पांढरा थर बसतो. पाणी भरपूर, पण लोखंडाला लागत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धंअर्धं घाला. आमच्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणतात. पण कूलंटचं आपल्याकडचं मुख्य काम गंज रोखणं आहे. तो वेल्च प्लग साध्या पाण्यानेच खाल्ला.

दुसरं, हळद. हो, रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवतात. तासभर थांबतेही. मग ती हळद जाळीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि पुढच्या घाटात गाडी उकळते.

तिसरं कारण म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं, आणि यावर माझा कित्येक मिस्त्रींशी वाद झालाय. "थर्मल व्हॉल्व्ह काढला की गाडी थंड राहते" हे या इंजिनाला लागू नाही. ८० अंशांना उघडणारा हा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो. सपाटीला गाडी जरुरीपेक्षा थंड चालते आणि घाटात जरुरीपेक्षा गरम. थर्मोस्टॅट तपासायला चहाचं पातेलं आणि थर्मामीटर पुरे. दोऱ्याने टांगून पाणी तापवा, ८० च्या आसपास उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर चांगला.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावरही आंधळा भरवसा नको. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खाली येतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. चढावर काटा अचानक पडला तर तिथेच बाजूला घ्या. इंजिन भडकलेलं असेल तर थंड पाणी एकदम ओतू नका, बिडाचं हेड त्यानेच तडकतं. अर्धा-पाऊण तास थांबा. पाचगणीचा सूर्यास्त चुकला तर चुकू द्या.

हेड बसलं, बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याने मधून बाहेर टप्प्याटप्प्याने कसले, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स थंड इंजिनावर इनटेकला ०.१० आणि एग्झॉस्टला ०.३० मिलिमीटर ठेवलं, की पाणी सावकाश भरा. घाईने ओतलं की हवा अडकते. माझ्या हिशोबाने रिकाम्या सिस्टीममध्ये दहा लिटरच्या आसपास जातं. सात लिटरवरच भरलेलं दिसलं तर आत हवा आहे. गाडीचं तोंड चढाला लावा, कॅप उघडी ठेवून आयडलला चालवा, वरचा होज दाबत राहा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल. मग परत भरा आणि कॅप लावा.

त्यानंतर मी स्वतः गाडी घेऊन निघतो. मागे वाळूच्या गोण्या टाकतो, सतरा माणसांच्या वजनाइतक्या, आणि दुपारी दोनच्या उन्हात पसरणी चढतो. पाचगणीत पोचल्यावर बोनेट उघडून बघतो, कॅपला हात लावत नाही. खाली येऊन गाडी गॅरेजात लावतो. मालक संध्याकाळी न्यायला आले तर त्यांना उद्या या म्हणतो. सकाळी थंड इंजिनावर कॅप सैल करतो. आवाज आला नाही आणि पाणी मार्करच्या रेघेवरच असलं, तर किल्ली देतो. सोबत वहीही देतो. पुढचे पाचशे किलोमीटर रोज सकाळी लिहायचं, हे मी आबांना सांगितलं होतं. ते अजून लिहितात.